अळवंत : एका भुताची जन्मकथा



वसंत व्याख्यानमालेत भुतावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस उभा राहावा, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आजवर मी जेथे जेथे बोललो तेथे पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोललो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि जिनाच्या फाटकाबाहेर. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. एक भूत माझ्या ओळखीचे आहे. ते कोठून आले, याचा मी बरीच वर्षे शोध घेतला. त्या शोधाची हकीकत तेवढी आपणापुढे ठेवणार आहे.

निमित्त झाले एका चित्रपटाचे. २०१७ साली ‘लपाछपी’ नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंत यांनी त्यात दिवस भरत आलेल्या बाईचे काम केले आहे आणि उषा नाईक यांनी तिची देखभाल करणाऱ्या खेड्यातील बाईचे. देणेकऱ्यांच्या भीतीने शहरातले एक जोडपे उसाच्या फडातील एकाकी घरात लपावयास येते. उसातून पोरांच्या खेळण्याचे आवाज येतात. पोरे दिसतात आणि नाहीशी होतात. आणि त्या घराभोवती एक मेलेली बाई वावरत असते. कथा उलगडते तसे कळू लागते की, खरे भय त्या मेलेल्या बाईचे नाही, जित्या माणसांचे आहे. आणि त्याचे मूळ मुलीच्या जन्माच्या तिटकाऱ्यात आहे. याच दिग्दर्शकाने २०२१ साली ही कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत केली.

मुलीच्या आग्रहाने मी तो चित्रपट पाहिला. आजूबाजूची तरुण मंडळी किंकाळ्या मारीत होती. मी मात्र गप्प बसून होतो. पडद्यावरची ती बाई मला नवी नव्हती. तीस वर्षांपूर्वी एका जिनाच्या कोपऱ्यात तिला मी ‘पाहिली’ होती, निदान पाहिली असे चारचौघांना सांगितले होते.

ती गोष्ट १९८६-८७ च्या हंगामातली. आपल्या जिल्ह्यातल्या एका जिनात मी सतराव्या वर्षी सरकीची पोती वाहण्याच्या कामाला लागलो होतो. रेच्यांवर कापूस टाकायला बायका असत. त्यांतली एक, नाव सांगत नाही, कारण तिची माणसे अजून आपल्यांतच आहेत, नववा महिना लागला तरी कामावर येत होती. जानेवारीत ती घरीच बाळंत झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला आणि आठव्या दिवशी ती गेली. तेरावा होतो न होतो तोच जिनात कुजबूज सुरू झाली की, रुईच्या ढिगाऱ्यामागे रात्रपाळीला पाळणा हलल्याचा आवाज येतो. एका म्हाताऱ्या कामकरणीने मला बजावले, “थे लेकराले पाजाले येते. तिच्या वाटेत नको येऊ रे बावा.”

बायका रात्रपाळीला येईनात, तेव्हा मालकाने भगत आणविला. नारळ, लिंबे आणि कोंबडे आणावयास मलाच बाजारात पाठविले. भगताने कोपऱ्यातल्या दाराच्या उंबऱ्यात एक मोठा लोखंडी खिळा ठोकला. मुनिमाने तो सारा खर्च माझ्यादेखत ‘किरकोळ’ या सदरात लिहून टाकला. त्या बाईच्या नावाने मात्र त्या वह्यांत कोठेच काही लिहिलेले नव्हते. हजेरीच्या मस्टरवर तिचे नावच नव्हते. ती मुकादमाच्या टोळीतली होती. जिवंतपणी जिची नोंद झाली नाही, तिची भूत झाल्यावर झाली, हे त्या वयात माझ्या ध्यानात आले नाही. मी फक्त घाबरलो, आणि घाबरलेली पोरे करतात तेच केले. “मी तिला पाहिली,” असे इतरांना सांगत सुटलो.

पुढे संघटनेच्या कामात पडलो, वाचू लागलो, आणि या भुताला नाव आहे असे आढळले. अळवंत. पोटुशी असताना किंवा बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत ते अळवंत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, त्यांना लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेली उत्तरे त्यांनी साठविली होती. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ती छापली. त्यांतला कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भुतांची जणू जातवारी लावलेली आहे. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, आणि बाळंत होऊन किंवा विटाळशी होऊन दहा दिवसांच्या आत मेली तर हडळ. ही नावे थोड्या फार फरकाने आपल्याकडेही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहेत.

हे केवळ आपल्याच मुलखात आहे असेही नाही. मलायात अशाच बाईला पोंटियानाक म्हणतात, जपानात उबुमे. मलायात बाळंतपणात मेलेल्या बाईच्या प्रेताच्या तळहातांत सुया टोचीत, म्हणजे तिला हात पसरून उडता येऊ नये. आपल्याकडे खिळा, तेथे सुई. समुद्रापलीकडच्या ज्या माणसांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नाहीत, त्यांनी एकच भूत कसे निर्माण केले? माझे उत्तर साधे आहे. भूत एक आहे, कारण मरण एक होते.

हडळीच्या व्याख्येतील ‘दहा दिवसांच्या आत’ हे शब्द पाहा. मास्तरांनी ते शास्त्र म्हणून लिहिले नव्हते. लोक म्हणत तसे लिहिले. पण वैद्यकाचे पुस्तक उघडले तर तेथेही हाच हिशेब सापडतो. बाळंतरोगाचा ताप बहुधा पहिल्या तीनचार दिवसांत चढतो, आणि उपचार न झाल्यास बाई आठदहा दिवसांत जाते. न धुतलेल्या हातांनी, मळक्या चिंध्यांनी जंतू आत जातात आणि रक्तात भिनतात. आमच्या जिनातली ती बाई चौथ्या दिवशी तापली होती आणि आठव्या दिवशी गेली होती.

ही गोष्ट सुधारलेल्या युरोपलाही फार उशिरा कळली. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बायका कितीतरी अधिक मरत. इतक्या की तेथे घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर कारण शोधू लागला. मरणाऱ्या बाईला अखेरचा संस्कार देण्यास पाद्री घंटा वाजवीत जात असे. त्या घंटेच्या भीतीनेच बाकीच्या मरतात की काय, असाही त्याने विचार केला, आणि पाद्र्याला घंटेवाचून दुसऱ्या वाटेने जावयास लावले. मरणे थांबली नाहीत. १८४७ साली प्रेतचिकित्सा करताना सुरी लागून त्याचा एक डॉक्टर मित्र वारला आणि त्याच्या देहात त्याच रोगाच्या खुणा दिसल्या, तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेते फाडून त्याच हातांनी बाळंतिणी तपाशीत होते! त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरी अठरा बायका दगावल्या होत्या. जुलैत तो आकडा एकाच्या थोडा वर उरला. एवढे होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याला मानले नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. आपल्या हातांनीच मरण आले हे मान्य करण्यापेक्षा भूत मानणे सर्वांनाच सोपे जाते.

आता बाळाकडे वळू. आपल्या घरोघर पाचवी पुजतात. रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते असे मानतात. कोरा कागद, लेखणी आणि उशाशी विळा ठेवतात, बायका रात्र जागवतात. नेमके हेच दिवस का? नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्यातच डोके वर काढतो. बाळ दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा नावाच्या बेटावर एकोणिसाव्या शतकात कितीतरी बाळे याच रोगाने जात, आणि तेथील लोक त्याला आठव्या दिवसाचे दुखणेच म्हणत. रोग नाळेतून शिरतो. नाळ ज्या हत्याराने कापतात त्यावरची माती आणि जखमेवर लावलेले शेण ही त्याची वाट. म्हणजे सटवाईपासून रक्षण करण्यास आपण उशाशी लोखंडी विळा ठेवीत होतो, आणि कित्येक घरी त्याच विळ्याने नाळ कापलेली असे.

यात सुइणीला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. पायलीभर धान्यावर आणि जुन्या लुगड्यावर तिने रात्री-अपरात्री जावे, खालच्या जातीची म्हणून घरातला एकही स्वच्छ कपडा तिच्या हाती लागू नये, बाळंतिणीला दहा दिवस विटाळाच्या अंधाऱ्या खोलीत टाकावे, आणि मग बाई गेली म्हणजे सुईण अपशकुनी ठरावी, हा न्याय आपला होता. आणि धनुर्वात गेला तो खिळ्याने गेला नाही. गरोदर बायांना लस मिळाली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तेव्हा २०१५ साली भारतात माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. १९९७-९८ च्या सुमारास देशात लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर. हडळींची पैदास अशी कमी झाली.

येथे आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. तीच दहा दिवसांची मर्यादा! त्या मुलीने नशिबाला किंवा सटवाईला बोल लावला नाही. ती सातासमुद्रापलीकडे गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. पदवीसाठी निबंधाचा विषय निवडला तोही बाळंतशास्त्राचा. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला.

येथवर मरण पावलेल्या आईचे पाहिले. आता दुसरी आई, जी मुलाला मारते ती. मेक्सिकोत ला योरोना नावाची एक रडणारी बाई नदीकाठी फिरते असे सांगतात. तिने आपलीच मुले बुडविली अशी कथा आहे. २०१३ साली ‘मामा’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला होता. रानातल्या झोपडीत उघड्या पडलेल्या दोन लहान मुलींना एका मेलेल्या बाईचे भूत वाढवते. ती बाई गेल्या काळातली, वेड्यांच्या आश्रमातून पळालेली आणि तान्ह्या मुलासकट कड्यावरून उडी घेतलेली. तिला त्या आश्रमात कोणी घातले, मूल तिच्यापासून का तोडले, हे प्रश्न चित्रपट ओझरते विचारतो आणि पुन्हा भीतीकडे वळतो.

हेच प्रश्न भीतीकडे न वळता कोणी विचारले असतील तर ते आपल्या बुलढाण्याच्या एका बाईने. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले नवजात मूल मारले होते. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांतून एकच काहूर उठले, आणि ‘पुणेवैभव’ पत्राने तर साऱ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. ताराबाईंनी १८८२ साली पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक छापले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ एवढाच की, ज्या पापाबद्दल बाईला फासावर चढवता, त्यातला पुरुष कोठे आहे? विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे शास्त्र कोणी लिहिले? राक्षसीण कोण आणि तिला तशी करणारा कोण?

या पुस्तकाबद्दल ताराबाईंवर टीका झाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. जोतीरावांना हा प्रश्न नुसता लिहिण्याचा नव्हता. त्यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. भुतावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही. ताराबाईंचे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. बुलढाण्याच्या या लेकीची ओळख मराठी वाचकाला खऱ्या अर्थाने तेव्हा पटली.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल मांडले, ते नामंजूर झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात अशा बिलाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तेथे कायदा झाला; १९३० साली शेजारच्या मध्यप्रांतात झाला. १९६१ साली साऱ्या देशाला कायदा मिळाला. मग आमच्या जिनातली बाई आठव्या दिवशी कशी मेली? कायद्याला तिने आधीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केलेले हवे होते. तिचे शंभरही भरले नसतील, आणि जे भरले तेही मस्टरवर नव्हते. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग आघाडीवर होते. १९८८ च्या दुरुस्तीने १६० चे ८० दिवस झाले, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. या सुधारणा थोर आहेत. पण ज्या बाईचे नाव मुकादमाच्या खिशातल्या चिठ्ठीवर असते, तिच्यापर्यंत त्या पोचवता पोचवता आम्हा कार्यकर्त्यांचे केस पांढरे झाले.

आणि शेवटी ‘लपाछपी’कडे येऊ. अळवंतीच्या काळी आई आणि बाळ अज्ञानाने मरत होती. पुढे सोनोग्राफीचे यंत्र आले, आणि मुली ज्ञानाने मरू लागल्या. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला गर्भलिंगतपासणीविरोधी कायदा केला. १९९४ साली केंद्राने केला. तरी २००१ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, त्या २०११ साली ८५५ झाल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. हा जिल्हा सिंदखेडराजाचा. १५९८ साली येथे जिजाबाई जन्मल्या, म्हणून आपण त्याला मातृतीर्थ म्हणतो आणि दर १२ जानेवारीला तेथे लाखो माणसे जमतात. त्याच जिल्ह्यात हा आकडा कोठून आला? उसातली ती मेलेली बाई पडद्यावर हाच हिशेब मागते, असे मला वाटले. ती आपल्याला घाबरवते, कारण हिशेब आपला आहे.

माझ्या जिनातल्या बाईची मुलगी आजीपाशी वाढली. गल्लीतली पोरे तिला ‘अळवंतीची पोर’ म्हणत. तिच्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणी याच कारणावरून नकार आला. आज ती दोन मुलांची आई आहे. काही वर्षांपूर्वी एका सभेनंतर ती माझ्यापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, “काका, तुम्ही त्या जिनात होतात. माझी माय तिथं खरंच दिसत होती का हो?”

तीस वर्षांनी मला माझ्या थापेचा हिशेब द्यावा लागला. मी म्हटले, “नाही बाई, दिसत नव्हती. आम्ही पोरे खोटे बोलत होतो. तुझी आई तापाने गेली. दवाखाना चार मैलांवर होता, जिनाच्या फाटकात बैलगाड्या आणि ट्रक उभे होते, आणि तिच्यासाठी त्यांतले एकही वाहन कोणी दिले नाही. मीसुद्धा मागितले नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “ताप आला तेव्हा मी तिच्याजवळ होते?” मी म्हटले, “होतीस. सहा दिवस तिने तुला अंगावर पाजले, असे तुझी आजी सांगत असे.” ती डोळे पुसून घरी गेली. मित्रहो, त्या बाईची नोंद ही एवढीच. ती आपल्या या पुस्तकात व्हावी, म्हणून मी आज येथे उभा राहिलो.